कुठे राहावे, कुठे काम करावे

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही बायकोने आणली. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे औषध कंपन्यांची माणसं असल्या वह्या फुकट वाटत फिरतात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर यकृताचं चित्र आणि त्याखाली एकेक सल्ला. आजचा सल्ला: राग आवरा. एका यकृताने मला अक्कल शिकवावी, एवढंच व्हायचं राहिलं होतं.

"दिवसभर एकटे असता, मनातलं लिहीत जा," म्हणाली. माझ्या मनात काही साचलेलं नाही. मी कारखान्यात तेवीस वर्षं तपासनीस होतो. पंपाचे दांडे यायचे, मी मापायचो आणि केसाएवढा फरक असला तरी लाल खडूने फुली मारून परत पाठवायचो. आठ महिन्यांपूर्वी कारखान्यावरच कोणीतरी फुली मारली. आता मापायला दांडे नाहीत, फक्त माणसं आहेत, आणि त्यांतलं एक पास होईल तर शपथ.

चहाच्या वेळी तिने बातमी सांगितली. सहा तासांवरच्या शहरात नवी मध्यवर्ती प्रयोगशाळा उघडते आहे आणि तिला तिथे प्रमुख म्हणून बोलावलंय. दोन मार्चला रुजू व्हायचं. राहायला आवारातच जागा देतात. हे सांगताना ती कपाच्या कानात बोट अडकवून कप गोल गोल फिरवत होती. मग म्हणाली, "मी गेले तर तुम्हाला यायला आवडेल का?"

आवडेल का म्हणे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ती जाईल तिथे मी जाणार, हे काय विचारायचं झालं? इथे माझं कोण बसलंय, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला? मी म्हणालो, चहात साखर जास्त झाली आहे. खरंच झाली होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मेहुणा येऊन गेला. हा बायकोचा धाकटा भाऊ. फरशीच्या दुकानात कामाला आहे आणि गिऱ्हाइकांना गोड बोलून नको त्या फरशा त्यांच्या गळ्यात मारतो. "भाऊजी, वेळ जात नसेल तर हा खेळ खेळून बघा," म्हणाला आणि माझ्या कॉम्प्युटरवर 'नवी वसाहत' नावाचं खूळ चढवून गेला.

त्यात चार गावं आहेत. हजारो रिकामटेकडे आपापल्या घरून त्यात शिरतात, एखाद्या गावात घर घेतात, कुठेतरी काम धरतात, अन्न घेतात, माल बनवतात. रोज सकाळी प्रत्येकाकडे शंभर 'दम' असतो. एका पाळीला त्यातला साठ जातो. घर एका गावात आणि काम दुसऱ्या गावात असलं तरी चालतं. पंधरा दिवसांत काय ते ठरवून कायम करायचं, मग तीन महिने बदलता येत नाही.

मोठी माणसं हे करतात, दाढीमिशा असलेली. मेहुण्याने त्यात बंदरात घर घेतलंय. का, तर तिथे गप्पा मारायला माणसं चांगली आहेत. तिथल्या कामाला किती दम जातो, कौशल्य किती वाढतं, काही पाहिलंस का, विचारलं. "नाही हो भाऊजी, मजा येते एवढं खरं." असल्या माणसाच्या सल्ल्याने लोक आपल्या घराला फरशी बसवतात.

मी हा खेळ एवढ्यासाठीच खेळणार आहे की निवड कशी करतात ते ह्याला एकदा दिसावं.

७ फेब्रुवारी, शनिवार

चारही गावं पाहून झाली. बंदर म्हणजे नुसती बडबड. गिरणीपेठेत मालक कामावर घेतात आणि दोन दिवसांनी कंटाळून खेळ सोडून जातात, कामगार दारात उभे. मळ्यात अन्न ताजं मिळतं आणि झोपेत दम पुरता शंभर भरतो, पण काम म्हणजे भाजी खुडायची, त्यात हातात कसब येत नाही. खाणगावात कसब सर्वांत भरभर वाढतं, मात्र तिथल्या धुळीत झोपलं की सकाळी दम ऐंशीच.

लोक एकमेकांशी जिथे बोलतात त्या पानाला 'चावडी' म्हणतात. तिथे लोखंडीबाबा नावाचा एक पुढारी अकलेचे तारे तोडत बसलेला असतो. नवख्यांना त्याचा उपदेश: "जिथे जीव रमेल तिथे राहा, बाळांनो." तीनशे बारा जणांनी त्याला पसंती दिली आहे.

मी जीव बाजूला ठेवला आणि कागद घेतला. राहायचं मळ्यात, काम खाणगावात. जायला पंधरा, यायला पंधरा, पाळीला साठ. झाले नव्वद. दहा उरले, आणि सकाळी पुन्हा शंभर. तीनशे बारा जणांतल्या एकालाही हे सुचलं नाही. प्रश्न गणिताचा नाहीच, माणसांच्या प्रतीचा आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

बायकोने जागेचा फॉर्म आणला. मी तेव्हा खाणीच्या मुकादमाशी पाळीच्या वेळेवरून घासाघीस करत होतो. ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"यात लिहायचंय, एकटी की कुटुंबासह. एकटीला एक खोली मिळते, कुटुंबाला दोन खोल्यांचं घर. काय लिहू?"

म्हटलं, ठेव तिथे, वाचून बघतो.

"आठवणीने बघा. अठरा तारखेला द्यायचाय."

ती गेल्यावर वाचला. 'कुटुंब' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलाय, समास वाकडा, छपाई फिकट. असले लोक प्रयोगशाळा चालवणार आणि आपण त्यांच्यासमोर दंड पुढे करणार. मागच्या बाजूला दोन्ही जागांचे नकाशे आहेत. एका खोलीचा मी पाहिलाच नाही. दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. टेप काढून माझं टेबल मापलं, चार फूट दोन इंच. खिडकीखाली साडेचार फूट भिंत मोकळी आहे, म्हणजे बसतं. कपाटाचं दार मात्र पलंगाला अडणार, ते उलट्या बाजूने उघडणारं करून घ्यावं लागेल. मग पलंग मापला, स्वयंपाकाचा ओटा मापला, दोन वाजले तरी जेवायचं सुचलं नाही. बऱ्याच दिवसांनी टेप हातात आली होती. बरं वाटलं, उगाच नाकारत नाही.

काय लिहू म्हणे. माणसाने स्वतःचं नाव दुसऱ्याला विचारून लिहिण्यातला प्रकार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मळ्यात एक पाववाली आहे. म्हणजे पाववाली असल्याचं सोंग घेतलेली कोणीतरी. तिने आज निरोप पाठवला, "माझ्या घरात जागा आहे, घरोबा करता का?" या खेळात दोघांनी एक घर घेतलं तर त्याला घरोबा म्हणतात. एकाला दुसऱ्या गावात काम मिळालं की दुसराही आपलं बिऱ्हाड उचलून त्याच्यामागे जातो, त्याला तिथे काम असो वा नसो. त्याला म्हणतात 'सोबती'. सोबती तिथे बसून अर्धं अन्न खातो. चावडीवर अशा जोड्यांचं काय ते कौतुक चालतं, फुलं काय, हार काय.

मी उत्तर दिलं, घरोब्याने दोघांचा मिळून रोज चौदा दम वाया जातो, हिशेब सोबत जोडला आहे. तिचं उत्तर आलं, "बरं." बायकांना हिशेब जोडून दिला की त्या 'बरं' म्हणतात.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस खपून नवख्यांसाठी मार्गदर्शिका लिहिली. नाव साधंच ठेवलं. इथेही उतरवून ठेवतो.

'कुठे राहावे, कुठे काम करावे.
काम जिथे उत्तम, तिथे जावे. मागे वळून पाहू नये.
ज्याला तिथे काम नाही त्याने सोबत जाऊ नये. तो केवळ जागा अडवतो.
जुने घर सोडू नये. ते ज्याचे त्याने सांभाळावे.
अधूनमधून येणे-जाणे परवडते, रोजचे एकत्र राहणे परवडत नाही.
भावनेच्या भरात निवड करणाऱ्यांचे पुढे काय होते ते मी पाहिले आहे. निवड आकड्यांनी करावी आणि केल्यावर कुरकुर करू नये.'

खेळातली नावं मुद्दाम गाळली. दम नाही, खाणगाव नाही, काही नाही. कारखान्यात आमचा नियम होता की तपासणीची सूचना अशी लिहावी की नवीन झाडूवाल्यालाही कळली पाहिजे. आता ती साधारण बुद्धीच्या माणसाला कळते का हे पाहण्यासाठी एक साधारण बुद्धीचं माणूस हवं होतं. बायको सकाळी सातला निघते. कागद तिच्या डब्याशेजारी ठेवायचा होता, पण सुटा राहिला तर उडेल. क्लिप सापडेना. शेवटी तिच्या त्या जागेच्या फॉर्मला क्लिप होतीच, त्यालाच वर लावून ठेवला. पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलं, 'नीट वाच. अडलं तर विचार.'

१७ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी ती आली ती चपला न काढताच आत आली. हातात माझा कागद. मी स्क्रीनवरून मान वर केली नाही, कारण पाळी संपत आली होती.

"वाचलं," म्हणाली. "हे तुम्हाला मनापासून असंच वाटतं?"

म्हटलं, यात मनाचा काय संबंध? आकडे काढून लिहिलंय, दोनदा तपासलंय.

"सगळं कळलं. काही अडलं नाही."

एवढं म्हणून ती आत गेली. म्हणजे मार्गदर्शिका पास. खरं तर थोडं कौतुक करायला हरकत नव्हती, चार दिवसांची मेहनत होती. कागद नंतर पाहिला तर 'कुरकुर'मधला पहिला उकार मी दीर्घ लिहिला होता, तो तिने ऱ्हस्व करून ठेवलाय. बाकी काही नाही. जेवताना फक्त मीठ मागितलं. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त बघून माणसाची बोलायची इच्छा जात असावी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दारात उभी राहून म्हणाली, "आज देते आहे. काही बदलायचं असलं तर आत्ता सांगा."

मी मार्गदर्शिका चावडीवर चढवत होतो. म्हटलं, एक अक्षर बदलायचं नाही.

"बरं," म्हणाली. ती चावडीवर माझ्याआधी कशी काय देणार, हा विचार मला दुपारी आला. मग वाटलं, फॉर्मचं म्हणत असेल. फॉर्ममध्ये मी काय बदलणार, तो सगळा बदलायच्याच लायकीचा आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सुताराला बोलावलं. आला तोच अर्धा तास उशिरा, कानाला पेन्सिल आणि तोंडात सबबी. कपाटाचं दार काढून उलट्या बाजूला बिजागऱ्या बसवायला सांगितल्या.

"साहेब, इथे तर दार असंच बरं उघडतंय. उलटं केलं तर भिंतीला आपटेल."

म्हटलं, हे कपाट इथे राहायचं नाही.

"मग जिथे जायचं तिथे गेल्यावर करा ना. जागा बघून काम करावं माणसाने."

सुतारही हल्ली उपदेश करतात. नकाशा मला तोंडपाठ आहे, जागा बघायची गरज नाही, असं सुनावलं. त्याने खांदे उडवले आणि काम केलं. दार आता भिंतीला आपटतं. आठ दिवसांचा प्रश्न आहे.

बायको घरी आल्यावर दाराकडे बघत राहिली. म्हणाली, "हे कशाला?" म्हटलं, कळेल. तिला तिथे गेल्यावर दिसावं असा विचार होता.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मार्गदर्शिका चावडीच्या माथ्यावर लावली गेली. नऊशेच्या वर पसंती. लोखंडीबाबाने स्वतः लिहिलं, "कोरडं आहे पण खरं आहे." या माणसाने मला प्रमाणपत्र द्यावं. तरी नोंद करून ठेवतो. मी मुदतीतच मळा आणि खाणगाव कायम करून टाकलं होतं. कसबात मी खाणगावात पहिल्या दहात आहे, घरात अन्न शिगोशीग.

बायकोने बांधाबांध सुरू केली आहे. दोन सुटकेसी, एक पुस्तकांचं खोकं, एक उशी. एवढ्यात दोन माणसांचा संसार हलतो असं तिला वाटतं. माझे कपडे तिने घेतलेले नाहीत. बरोबरच आहे, तिच्या घड्या मला पसंत पडत नाहीत, माझं मी बांधीन. आज मला गॅसचा नंबर, दूधवाल्याचा नंबर आणि पाण्याच्या टाकीची चावी कुठे आहे ते दाखवत होती. घर बंद करायची वेळ आल्यावर ह्या गोष्टी कोणी शिकवतं का?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

टपालाने जागेचं पत्र आलं. तिच्या नावाचं होतं, मी उघडलं. 'एका व्यक्तीसाठी एक खोली, सामायिक स्वयंपाकघर. पाहुण्यांना मुक्कामाची परवानगी नाही. यादीत बदल एक वर्षानंतर.'

मला हसू आलं. हा कारभार बघून मी म्हटलंच होतं. कार्यालयाला फोन लावला आणि तिथल्या कारकुनाला फैलावर घेतलं. फॉर्म तुम्हाला धड छापता येत नाही, आता वाचताही येत नाही का, विचारलं. तो बिचारा मधे बोलू बघत होता, मी बोलू दिलं नाही. शेवटी दमलो तेव्हा म्हणाला, "साहेब, फॉर्म माझ्यासमोर आहे. मॅडमनी स्वतः लिहिलंय. एकटी. खाली सही आहे."

मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला.

तासाभराने मेहुण्याचा आला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. "भाऊजी, तुम्ही ताईला लिहून दिलंत की सोबत येऊन केवळ जागा अडवीन म्हणून? तिने आज मला वाचून दाखवलं. अहो, हे तर खेळातलं आहे, चावडीवर वर लावलंय. मी तिला सांगितलं, ताई, हे तुझ्याबद्दल नाहीच."

मग ती काय म्हणाली, विचारलं.

"म्हणाली, असेना का."

फोन ठेवून मी टेप काढली आणि टेबल पुन्हा मापलं. चार फूट दोन इंचच.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज बोललो. ती सुटकेसच्या पट्ट्या आवळत होती. म्हटलं, तो कागद नवख्यांसाठी होता. फॉर्मला लावला कारण क्लिप सापडेना.

"कळलं. दादूने सांगितलं," ती म्हणाली. मेहुण्याला ती दादू म्हणते.

मग कार्यालयात जाऊन बदलून घे, म्हटलं.

"घरं वाटून झाली. वर्षभर काही होत नाही."

मला यायचं होतं, म्हटलं. टेबल मापलंय. कपाटाचं दार त्यासाठीच फिरवून घेतलंय.

ती थांबली. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता.

"मग तसं तोंडाने बोलायचं. मी तीनदा विचारलं तुम्हाला."

मी चिडलो. एकदाही नाही, म्हटलं. मी रोज लिहून ठेवतो, माझ्याकडे सगळं लेखी आहे, तू विचारलं असतंस तर त्यात असतं. ती म्हणाली, "असेल. बघा मग." आणि पट्टा आवळला.

१ मार्च, रविवार

सकाळी आठच्या बसने गेली. मी सुटकेसी वर चढवल्या. खोकं तिने मांडीवर घेतलं, खाली ठेवायला जागा होती तरी. मेहुणा आला होता, तोंड पाडून उभा होता. बस सुटताना तिने खिडकीतून सांगितलं, दूध तीन दिवसांनी निम्मं करायला सांगा. बस गेली आणि मी स्टँडवरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. मेहुणा शेजारी बसला. चहा आणून दिला, उपदेश केला नाही, तेवढी अक्कल त्याला आहे असं दिसलं.

घरी येऊन ही वही काढली. तिने विचारलेलं नाही हे दाखवायचं होतं, तारीखवार. पहिल्या पानापासून तपासत आलो, दांडे तपासायचो तसं, एकही ओळ न सोडता. मग लाल पेन घेऊन समासात खुणा केल्या. तीन तारीख. अकरा. सतरा. अठरा. अक्षर माझंच आहे.

संध्याकाळी तिला फोन लावला. पोचली होती, खोली झाडत होती. मी म्हटलं, तू काल तीनदा विचारलं म्हणालीस ते चूक आहे. चारदा विचारलंस.

पलीकडे झाडू खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "अजून काही सांगायचंय का?"

म्हटलं, नाही, एवढंच.

फोन ठेवून हे लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, आताचं धरून पाचदा झालं.